ठिबकचा टी आणि टर्बोची शिट्टी

प्रिय अहो,

आयुष्यभर तुम्हाला अशीच हाक मारली, आता कागदावर तरी वेगळं काय लिहू? घाईघाईने लिहायला बसलेय, कारण तुमची जुनी टर्बो गाडी पुन्हा ओढायला लागली! ही बातमी तुमच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगणार?

तुम्ही गेल्यापासून ती पार रुसली होती. उभी असली की धडधडायची, चढ आला की धापा टाकायची. टर्बोचा तर आवाजच बंद. आपल्या केडगावातल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि लगेच मिटलं. "काकू, लई पाइप हायेत. कुठला कुठं जातोय, काय कळना. गाडीच इकून टाका." निखिलही पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, दसऱ्याला मी येतो. घाट चढली तर ठेवू, नाहीतर घेणारा तयार आहे."

मी बिनधास्त हो म्हटलं. तुम्ही बॉनेटखाली वाकलेले असताना टॉर्च कोण धरत होतं? "उभी असताना इंजिन हवा ओढतं, पळताना टर्बो हवा ढकलतो, आणि दोन्हीची खबर याच बारीक नळ्या नेतात," हे तुम्ही इतक्यांदा ऐकवलंत की मला पाठ झालं! एकेक नळी बोटाने धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. तपासून झाली की तिला लाल दोरा बांधायचा. सगळ्या जागच्या जागी होत्या, तरी रोग सापडेना.

मग काल खंडेनवमी आली. तुमचे पाने पुसून मांडले, गाडीला हार घातला. पूजा इंजिन चालू ठेवूनच करायची, ही तुमचीच रीत ना? उदबत्ती बॉनेटपाशी ओवाळली, तर धूर वर जायचं सोडून आडवा झाला आणि इंजिनच्या मागे शिरला. आत ओढला जात होता! हात घातला. तीन नळ्यांना जोडणारा काळा प्लास्टिकचा तुकडा, उभा तडकलेला.

अहो, ठिबकचा टी? डाळिंबाच्या बागेतला? शेतात त्यातून गार पाणी जातं हो! इंजिनच्या धगीत तो किती टिकणार? "तात्पुरता लावलाय," असंच म्हणाला असाल. तुमचं तात्पुरतं मला ठाऊक आहे, अंगणाचं फाटक अजून तारेने बांधलेलं आहे. हसू आलं, रागही आला, आणि मग तिथेच उभी राहून रडले. फार आठवण आली तुमची.

नगरातून पितळी टी आणला, क्लॅम्प आवळले. गाडी शांत झाली.

आज निखिल आला. चावी मी त्याला दिली नाही. अकोले गाव सोडल्यावर घाटाचा चढ लागला, मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि आली की टर्बोची शिट्टी! पाठ सीटला टेकली. सवयीने उजवीकडे मान वळवून म्हणाले, "ऐकलंत का?"

उजवीकडे खिडकी होती. चालवत तर मी होते.

डावीकडून निखिल हळूच म्हणाला, "ऐकलं, आई." विकायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

शब्द देते, गाडी घरातच राहील आणि तिच्यात तात्पुरतं काही लागणार नाही. आणि घाट आला की मी उजवीकडे वळून विचारणारच. ही सवय मी मोडणार नाही.

तुमचीच,
सुमन