सातव्या होलचे पाच

सातारा,
९ मार्च २०२५

प्रिय कृष्णात,

तीन आठवडे पत्र नाही, फोन नाही. तुझे फोन आले ते "वर्गात आहे" म्हणून कापले, रविवारीसुद्धा. माफ कर. कडेगावात ऊन वाढलं असेल. इथं अंकिताचं कॉलेज नीट चालू आहे, जेवतेही वेळेवर.

लेकीच्या निवडीचा फ्लेक्स तू चौकात लावलास, त्याचा फोटो पाहिला आणि माझी झोप उडाली. का, ते सांगायला आधी गोल्फचा हिशेब सांगावा लागेल. निकाल ऐकून तू म्हणाला होतास, "अक्के, ज्यात कमी मारलं की जिंकायचं, त्यात घरी बसल्यालाच पैला यायला पायजे की गं!" मी हसले होते. तर, प्रत्येक होलला, म्हणजे मैदानातल्या एकेका खड्ड्याला, चेंडू आत जाईपर्यंत लागलेले फटके कार्डावर लिहायचे आणि अठरा होलांची बेरीज करायची. सर्वांत लहान बेरीज पहिली. अंकिताची एक्क्याऐंशी, सहावा नंबर. सातव्या नंबरच्या मुलीपेक्षा एकच फटका कमी. शिबिरासाठी निवड सहाजणींची.

खेळणारीचे आकडे दुसऱ्या कुणीतरी लिहायचे असतात. तिचे मी लिहिले. नात्यातलं चालतं का, हेही विचारून घेतलं होतं. सातव्याला तिचा चेंडू पाण्यात गेला, दंडाच्या फटक्यासकट पाच झाले. त्या धास्तीत मी लिहायचंच विसरले. आठव्याला चार लागले, तेव्हा दोन्ही एकदम लिहिले.

उलटे लिहिले. सातव्याला चार, आठव्याला पाच.

बेरीज तीच येते. वीस वर्षं हायस्कूलात मी हेच शिकवतेय, क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही. शेवटी ती तीनदा तपासली. फक्त बेरीज. अंकिता म्हणाली, "आत्या, तू बघितलंस ना? मग झालं." आणि तिनं कार्डावर सही केली.

पण गोल्फमध्ये बेरीज स्पर्धेची समिती करते. ती चुकली तरी खेळाडूला काही होत नाही. खेळाडूनं जबाबदारी घ्यायची ती एकेका होलच्या आकड्याची. एका जरी होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा असलेल्या कार्डावर सही केली, की बाद. निकाल लागून गेला तरी बाद.

चूक मला त्याच संध्याकाळी कळली. डायरीत "सातव्याला पाच" लिहिलं आणि हात थांबला. तेव्हापासून मनाला समजावतेय, कुणाचा फटका चोरलेला नाही, एक्क्याऐंशी खरेच आहेत. मग ती सातवी आलेली पोर डोळ्यांपुढे येते.

तुला विचारून मग काय ते करावं, असं ठरवलं होतं. पण विचारलं असतं ते "ऱ्हाऊ दे, अक्के" हे तुझ्या तोंडून ऐकण्यासाठीच. म्हणून विचारत नाही, कळवते.

दुपारी अंकिताला सांगितलं. शुक्रवारी शिबिराला निघायचं म्हणून ती बॅग भरत होती. एवढंच म्हणाली, "तीन आठवडे, आत्या?" आणि कपडे परत कपाटात ठेवायला लागली.

तिला काही बोलू नकोस. बोलायचं ते मला बोल.

तुझ्या लेकीची अपराधी,
अक्का

उद्या: सकाळी दहाला समितीच्या कचेरीत जाऊन कार्डातली चूक लेखी देणे.