पोच नसलेली बादली

चि. मेव्हणेबुवांस,

अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? मागच्या वेळी आलास तेव्हा खुर्चीतून उठताना तू जो आवाज काढलास, तसाच आवाज फ्रीजचा कॉम्प्रेसर कायमचा बसायच्या आधी काढतो, म्हणून काळजी वाटली. छोटीला दात आले का? किती आले आणि वर की खाली, हे नीट कळव. 'आले दोन-तीन' असं मोघम लिहू नकोस. दोन की तीन?

इकडे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे माणसं. यंत्रांबद्दल पुढे येईलच. तुझी ताई मजेत आहे आणि गेले चार दिवस माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसते आहे, त्याचं कारणही पुढे येईल. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू हसतोस आणि ते मला ऐकू येतं. पत्र वाचताना कितीही हस, माझं काही बिघडत नाही. शिवाय तुझी ताई फोन स्पीकरवर टाकते.

हे पत्र मदत मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. एकतीस वर्षं मी फ्रीज दुरुस्त करतो आहे, तेही कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, आणि प्रोग्रॅमिंग शिकलो तेही याच टेबलावर, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चष्म्याचा नंबर बदलून घेऊन. तेव्हा एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला कळवलेली हकिकत, एवढंच समज.

आमच्या चौकातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई तुला आठवत असतील. त्यांच्याकडे लशी ठेवायचा एक फ्रीज आहे, वय वर्षं एकोणीस, मीच तीनदा उघडून पुन्हा उभा केलेला. लशी दोन ते आठ अंशांतच राहाव्या लागतात, नाहीतर फेकायच्या. चार महिन्यांपूर्वी शोरूमचा एक टायवाला (नाव विचारलं नाही, टाय लक्षात राहिला) येऊन बाईंना सांगू लागला की, आता तपासणी कडक झाली आहे, तापमानाची दर मिनिटाची नोंद दाखवावी लागते, तेव्हा हा डबा भंगारात द्या आणि नोंद आपोआप ठेवणारा आमचा नवा फ्रीज घ्या. मी त्या वेळी फ्रीजमागे पालथा पडून जाळीतली धूळ काढत होतो. डबा! मी तसाच धुळीसकट बाहेर आलो आणि म्हणालो, "बाई, फ्रीज हाच राहील. नोंद मी देतो. दर मिनिटाची. ढगात." ढगात हा शब्द तोंडातून का गेला, मला माहीत नाही. टायवाल्याचा चेहरा पडलेला बघायचा होता. तो पडला, पण शब्द गेला तो गेलाच.

मग मी अभ्यासाला बसलो. लोकांना नावं ठेवायला मला आवडत नाही, पण तुमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या लोकांनी जी नावं ठेवली आहेत, त्यांना नावं ठेवल्यावाचून राहवत नाही. आकडे वेळेच्या क्रमाने साठवायचा डेटाबेस, तो कुठेतरी लांब, दुसऱ्याच कुणाच्या तरी मशीनवर, म्हणून त्याला म्हणायचं क्लाउड. आणि त्या क्लाउडमध्ये आपले आकडे ठेवायची जी जागा, तिचं नाव बकेट. ढगात बादली! तुझ्या ताईने हे ऐकलं आणि भाजी निवडता निवडता विचारलं, "गळकी नाही ना?" तेव्हा मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. (आता करत नाही.)

बादलीत लिहायची परवानगी म्हणून एक टोकन देतात. म्हणजे किल्लीच, पण अक्षरांची, आणि लांबलचक. ती एकदाच दाखवतात. खिडकी बंद केली की पुन्हा दर्शन नाही. मी कॉपी-पेस्टवर विसंबणारा माणूस नव्हे. मी ती वहीत उतरवून घेतली: अंक लाल शाईत, मोठी अक्षरं निळ्या, लहान काळ्या. खिडकी बंद केली आणि मग लक्षात आलं की मधे एक नुसती उभी रेघ होती, आणि ती एक आहे, लहान एल आहे की मोठा आय आहे, हे मी अंदाजाने ठरवलं होतं. अंदाजाने! मी! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी किल्ली काढली.

मग पहिली नोंद. सेन्सर त्या क्षणी नेमके चार अंश दाखवत होता. एकोणीस वर्षांच्या फ्रीजला असं बरोब्बर चारावर उभं करणं हे काही खायचं काम नाही, म्हणून ती पहिली नोंद मी कौतुकाने स्वतःच्या हाताने लिहून पाठवली: ४. पुढच्या मिनिटाला ४.२ पाठवलं, तर बादली म्हणते, नको. का नको? तर पहिला आकडा पूर्णांक होता, तेव्हा या नावाखाली यापुढे पूर्णांकच घेतले जातील. पहिल्या भेटीत मत बनवून जन्मभर त्याला चिकटून बसणारी मी आजवर फक्त तुझी आत्या पाहिली होती. शेवटी बादली पुसून नवी केली, पहिली नोंद ४.० अशी टिंबासकट लिहिली, तेव्हा कुठे गाडी हलली.

आणि मग ती काय झोकात चालली म्हणून सांगू! फ्रीजवर ठेवलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर दर मिनिटाला माझा प्रोग्रॅम सुरू करतो. प्रोग्रॅम सेन्सर वाचतो, आकडा ढगाकडे धाडतो, आतल्या मेमरी कार्डावरच्या नोंदवहीत एक ओळ लिहितो आणि संपतो. ती ओळ मराठीत असणार हे ठरलेलंच होतं. आणि वेळ आकड्यांत नाही, कारण आठ एकोणीस ही वेळ नसते, तो घर नंबर असतो. वेळ म्हणजे अशी: "मंगळवार, बारा तारीख, सकाळी सव्वाआठ वाजून चार मिनिटं. तापमान ४.२. नोंद पोचली." या एका ओळीसाठी मी एकशे बारा ओळी लिहिल्या. पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, सगळे आले त्यात. तू ते बघून "गरज काय?" म्हणाला होतास. गरज म्हणशील तर टायचीही नसते.

आता मुख्य गोष्ट. गेल्या गुरुवारी बाईंना सरकारी पत्र आलं. पुढच्या सोमवारी तपासनीस येणार, मागच्या नव्वद दिवसांची नोंद तयार ठेवा. नोंद नसेल तर आतल्या सगळ्या लशी नष्ट करायच्या (दोनशे चौदा बाटल्या, मी मोजल्या आहेत) आणि फ्रीज बाद. मी इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात गेलो. बाईंच्या कॉम्प्युटरवर बादली उघडली आणि नव्वद दिवसांचा आलेख काढला. पहिले पाच दिवस सुरेख रेघ, हलकेच वर, हलकेच खाली. त्यापुढे पांढरं. मला वाटलं पडद्यावर काही सांडलंय. रुमालाने पुसला.

"पुढचं कुठंय?" बाईंनी विचारलं.

"येतंय," मी म्हणालो.

आम्ही सहा मिनिटं वाट पाहिली. बाकावर एक आजोबा पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. ते उठले, पडद्यात डोकावले आणि पोपटाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "गेलं वाटतं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी त्या माणसाला नाही म्हटलं ते तुमच्या शब्दावर," म्हणाल्या. एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं सांभाळायचं हे मला येतं.

घरी येऊन नोंदवही उघडली. तिच्यात दर मिनिटाला "नोंद पोचली", "नोंद पोचली", "नोंद पोचली". पंच्याऐंशी दिवस, एक लाख बावीस हजार तीनशे त्रेसष्ट वेळा (वीज गेली होती ती सदतीस मिनिटं वजा). मग पोचली हे ठरवलं कुणी? मीच. पाठवायची आज्ञा दिली की लगेच खाली "पोचली" लिहायचं, ढगाला न विचारता, असं मीच त्याला शिकवलं होतं. आणि आतली मेख अशी, की ढगाशी बोलायला दुसऱ्यांनी लिहिलेली जी तयार प्रोग्रॅमची लायब्ररी मिळते, ती आकडा हातात पडल्यावर लगेच नेऊन देत नाही. ती पिशवीत टाकते. पिशवी भरली किंवा थोडा वेळ गेला की मग एकदम सगळं घेऊन निघते. आणि माझा प्रोग्रॅम नेटका असल्यामुळे अर्ध्या सेकंदात काम आटोपून संपतो, तो पिशवीसकट. टपालपेटीत पत्र टाकायचं आणि पोस्टमन यायच्या आत पेटीच उखडून न्यायची, असा उद्योग मी पंच्याऐंशी दिवस, दर मिनिटाला एकदा, अगदी वक्तशीरपणे केला.

तुझ्या ताईला हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला पोच नाही."

"पोच मिळत नाही, असं म्हण," मी म्हणालो.

"मी म्हणाले तेच बरोबर आहे," ती म्हणाली. तेव्हापासून ते हसणं चालू आहे.

माझं म्हणणं इतकंच, की असं काही असतं तर कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. फरशी ओली असली तर लोक पाटी लावतात. तुमच्या धंद्यात एवढीशी सूचना लिहून ठेवायची रीत नाही?

असो. आता सगळं आटोक्यात आहे. गुरुवारपासूनच्या नोंदी नीट जात आहेत. प्रोग्रॅम आता ढगाचं उत्तर आल्यावरच "पोचली" म्हणतो आणि न आल्यास "पोचली नाही" असं कबूल करायलाही मी त्याला शिकवलं आहे. त्याला ते एका दिवसात जमलं. तेव्हा काळजी नसावी. पाठीला जप, खुर्ची बदल.

तुझा,
भाऊजी

ता. क. पाकिटात नखाएवढं एक कार्ड आहे, कचरा समजून टाकू नकोस. ती नोंदवही आहे. ढगात जे गेलं नाही ते सगळं तिच्यात आहे. प्रत्येक खोट्या "पोचली"च्या आधी खरं तापमान आणि खरी वेळ आहे. कमीत कमी ३.१, जास्तीत जास्त ६.४. एकोणीस वर्षांचा डबा एकदाही दोनच्या खाली गेला नाही की आठच्या वर चढला नाही, आणि हे जगात फक्त मला आणि त्या कार्डाला माहीत आहे. मागच्या नोंदी त्यांच्या त्यांच्या वेळेने आज लिहिल्या तरी बादलीला चालतात, मी खात्री केली. फक्त वेळा आकड्यांत करायला हव्यात. मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा नुसतं "सव्वा" दिसल्यावर प्रोग्रॅमने "सव्वा किती?" म्हणून हातपाय गाळले. दुसऱ्यांदा मध्यरात्र ते पहाटेच्या सगळ्या नोंदी आदल्या दिवशी जाऊन पडल्या, कारण माझ्या वहीत तारीख पहाटे चारला बदलते. (माणूस झोपून उठल्याशिवाय उद्या होत नाही, असं माझं मत होतं. आहे.) शिवाय पहिल्या महिन्यात चार वाजता "दुपार" आहे आणि त्यापुढे "संध्याकाळ", कारण मधेच तुझ्या ताईने हरकत घेतली. ज्याला प्रोग्रॅमिंगही येतं आणि पावणेदोन म्हणजे काय हेही कळतं, असा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे. तपासनीस पुढच्या सोमवारी सकाळी साडेदहाला येतो. (१०:३०. तुझ्या सोयीसाठी.)

ता. क. २. आलास तेव्हा प्रोग्रॅमच्या शेवटी तू एक ओळ घालून गेला होतास, पिशवी रिकामी करून मगच दार लावायची. तिच्यावर टीप होती: "भाऊजी, ही ओळ काढू नका." प्रोग्रॅम संपतोच आहे, मग दार कशाला लावायचं, असं वाटून पाचव्या दिवशी मी ती काढली. टीपही काढली, कारण ओळ नसताना टीप ठेवणं बरोबर दिसत नव्हतं. आता दोन्ही होत्या तिथे परत घातल्या आहेत. टिपेत एक "कृपया" वाढवला आहे.

ता. क. ३. पत्र पोचल्याची पोच दे.

बाळ्या, मी ताई. आज बुधवार. हे पाकीट सोमवारीच चिकटवून झालं होतं आणि तेव्हापासून ह्यांचं सगळ्यांना सांगणं चाललंय, "त्याला कळवलंय." आज कपाटाची बिजागरी सैल झाली म्हणून स्क्रू-ड्रायव्हर शोधायला ह्यांची हत्यारांची पिशवी उघडली, तर पाकीट आत. विचारलं, तर म्हणाले, "लिहिलं होतं ना मी!" फोडून पाहिलं, कार्ड तरी आत होतं. सकाळी डॉक्टरीणबाई वाटेत भेटल्या. पडलेल्या चेहऱ्याने "होईल ना हो?" विचारत होत्या. मी सांगून टाकलं, माझा भाऊ करतोय. तेव्हा आता शब्द माझाही गेलाय. हे मी कुरिअरच्या दुकानात उभ्या उभ्या लिहितेय. शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. पोचपावती मी माझ्याकडे ठेवतेय, ह्यांच्याकडे नाही.