दाखल्यावरची एकतीस तारीख

विकास नगर, लखनऊ
१० ऑक्टोबर १९९४

ती. प्राचीताईस,
बुद्धभूषणचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आई शेजारच्या बाळकृष्णकाकांबरोबर भंडाऱ्याला सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. तिला दीक्षाभूमीवर नक्की ने. इथे घरात मला एकट्याला ती बसू देत नव्हती आणि स्वतःही बसत नव्हती.

बाबांचा मृत्यूचा दाखला अखेर हातात आला. नोंदणी कार्यालयात पाच खेपा झाल्या. एकदा सही करणारे साहेब रजेवर, एकदा रजिस्टर दुसऱ्या खोलीत आणि त्या खोलीला कुलूप, एकदा लाइट नाही म्हणून खिडकीच बंद. पाचव्या खेपेला बाबूंनी विचारलं, खोब्रागडे म्हणजे कुठले? मी भंडारा म्हटलं. त्यांना वाटलं, मी कुठल्या तरी जेवणावळीबद्दल बोलतोय. बराच वेळ हसत होते.

नाव, पत्ता, सगळं बरोबर आहे. तारीख तेवढी चुकली आहे. दाखल्यावर ३१ ऑगस्ट पडली आहे. एकतीस हा बाबांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. चार वाजता निरोप समारंभ झाला, आणि ते गेले दुसऱ्या दिवशी, एक सप्टेंबरला सकाळी सातच्या सुमारास.

पेन्शनच्या कागदांसाठी तो दाखला मी छावणीत, त्यांच्या ऑफिसात नेला. बडे बाबू तिवारीजींनी तो दोनदा वाचला आणि उठून दार लोटून घेतलं. म्हणाले, या कागदाप्रमाणे खोब्रागडेजी नोकरीत असताना वारले. म्हणजे मृतक आश्रित म्हणून मुलाला नोकरी मिळू शकते. अर्ज डिसेंबरअखेर यायला हवा. एकतीसला बाबांना हार घालणारे तेच, आणि एक तारखेला दुपारी घाटावर आलेलेही तेच. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

कारकुनाची चूक दिसते. दुरुस्तीचा अर्ज करावा असं वाटतं. तुझं आणि शशिकांत भाऊजींचं मत कळव. आईला इतक्यात सांगू नकोस.

मुलांना गोड पापा. तुझ्या रागासकट तुझी माया हवी असलेला,
बुद्धभूषण

*

भंडारा
२१ ऑक्टोबर १९९४

चि. बुद्धभूषण यास,
ताईचा आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेत होते. ह्यांनी ते फोडलं आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून काढलं, तेही आईसमोर. आईला सांगू नकोस हे वाक्य शेवटी होतं, त्याला ते तरी काय करणार? आई तांदूळ निवडत होती. ह्यांनी सांगितलं की तिने मान वर केली नाही, काही विचारलंही नाही. मला हे जरा नवल वाटलं. एरवी तू खोकलास असं पत्रात असलं तरी ती तीन प्रश्न विचारते.

माझं मत सरळ आहे. दुरुस्ती बिरुस्ती करू नकोस. तू एकोणतिशीत आहेस. बँकेच्या तीन परीक्षा झाल्या, रेल्वेची एक झाली. शिकवण्या करून आयुष्य काढता येतं हे मला ठाऊक आहे, पण आईला घेऊन काढता येतं का? आपण कुणाकडे खोटं मागायला गेलो नव्हतो. कारकुनाच्या हातून झालं. आयुष्यभर कारकुनांच्या हातून आपलं नुकसानच झालं, एकदा फायदा झाला तर लगेच धावत जाऊन परत करायचा?

तू बाबांचं उदाहरण देशील म्हणून आधीच सांगते. बाबांसारखा सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतक्या उशिरा बढती मिळालेलाही पाहिला नाही.

आई बरी आहे. दीक्षाभूमीला जाऊन आली. स्वेटर घालत जा, नुसता खुंटीला टांगून ठेवू नकोस.

रागावलेली असली तरी तुझीच,
प्राचीताई

*

विकास नगर, लखनऊ
९ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालूनच नोंदणी कार्यालयात गेलो होतो. अर्ज करायचा नव्हता, फक्त चौकशी करायची होती. बाबूंनी माझ्यासमोर मूळ फॉर्म काढला. कारकुनाची काही चूक नाही, ताई. फॉर्मवरच एकतीस लिहिलं आहे. अक्षर बाळकृष्णकाकांचं, आणि खाली माहिती देणाऱ्याची सही आहे: कमला बबन खोब्रागडे. तीच आईची तिरकी अक्षरं.

जलदान विधीनंतर मी तुला आणि मुलांना पोचवायला भंडाऱ्याला आलो होतो, त्या आठवड्यातलं हे आहे. काका परवाच गावाहून परतले, म्हणून त्यांना विचारलं. ते आधी चहाच्या मागे लागले. मग म्हणाले की वहिनींनी एकतीस सांगितली, मी दोनदा म्हटलं की एक, आणि दोन्ही वेळा त्यांनी बजावलं की मी सांगते ते लिहा. नवरा त्यांचा गेला होता, मी काय वाद घालणार?

तारीख बदलायची तर माहिती देणाऱ्याचंच शपथपत्र लागतं. म्हणजे आईचं. कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडे त्याचा मजकूर तयारच असतो. मी अशिक्षित महिला असून शोकात असल्यामुळे भूलवश चुकीची तिथी लिहवली, अशा अर्थाचा. नाव तेवढं बदलतात.

मला तारीख बदलून घ्यायची आहे. का, ते आत्ता नीट लिहिता येणार नाही. पण आईच्या सहीशिवाय होणार नाही, आणि तिच्यावर जबरदस्ती मी करणार नाही. हे पत्र भाऊजींनी मोठ्याने वाचलं तर आता बरंच होईल.

तुझा,
बुद्धभूषण

*

भंडारा
१८ नोव्हेंबर ९४

चि. भूषण यास आईचा आशीर्वाद व जयभीम.

पत्र ऐकलं. मग प्राचीकडून मागून घेऊन मी स्वतः वाचलं.

तारीख मी सांगितली. बाळकृष्णभाऊंना बोल लावू नको. मला काही भूल पडली नव्हती. तेरा दिवस मी दुसरं काही केलंच नाही, फक्त हाच विचार केला. तुझे बाबा छत्तीस वर्षं नोकरीला गेले. तुझ्या जन्माला रजा घेतली नाही, माझ्या आईच्या मातीला घेतली नाही. त्यांच्या हक्काच्या किती रजा सरकारकडे तशाच राहिल्या ते तिवारीजींना विचार. त्यातला एक दिवस मी परत घेतला. सरकारला एक दिवस जड नाही बाप्पा, आपल्याला आहे.

तुला नको असेल तर नको. नोकरी तुला करायची आहे, मला नाही. मी येऊन सही करीन. पण त्या कागदावर अशिक्षित लिहू देणार नाही. तू पहिलीत होता तेव्हा तुझ्याच पाटीवर मी बाराखडी शिकले, तुझ्या बाबांनी शिकवली. आणि भूल झाली असंही मला सांगायला लावू नको. मी खोटं सांगितलं, चुकले नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

बाळकृष्णभाऊ पुन्हा येणार आहेत म्हणे. त्यांच्यासोबत येते. डाळीचा डबा उन्हात ठेव, कीड लागली असेल.

तुझी,
आई

*

विकास नगर, लखनऊ
२२ डिसेंबर १९९४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आई इथे पोचून दोन आठवडे झाले. डाळ तिने टाकून दिली, मला बोलली आणि नवी आणवली.

काल तारीख बदलून मिळाली. आता दाखल्यावर १ सप्टेंबर १९९४ आहे. तिवारीजींना जाऊन सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, पण काही समजावलं नाही. ती नोकरी गेली. जानकीपुरमला एका खासगी शाळेत जानेवारीपासून गणित शिकवायचं ठरलं आहे. पगार तुला सांगत नाही, तू लगेच पत्र लिहिशील.

टायपिस्टकडे आईने शपथपत्र शब्दाला शब्द वाचलं आणि त्याच्याच पेनने ‘अशिक्षित’वर रेघ मारून बाजूला सही केली. तो ओरडला, अम्मा, काटछाँट नाही चालत, कागद बाद होईल. तिने शांतपणे सांगितलं की मग दुसरा टाइप कर, तो शब्द गाळून. त्याने केला. ‘भूलवश’पाशी ती पुन्हा थांबली. खोटं सांगितलं असं लिहिलं तर खटला होईल, हे टायपिस्टने तिला बजावलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा मी तिला कारण सांगितलं. तुलाही ते सांगायचं राहिलं आहे. एक तारखेला सकाळी बाबा उठले आणि दाढी केली नाही. मी त्यांना बिनदाढीचं कधी बघितलं नव्हतं. बाहेर खुर्ची टाकून बसले, पेपर शेवटच्या पानापासून वाचायला लागले. समोरचा दूधवाला नमस्कार करून गेला, तर त्याला हाक मारून म्हशीला काय खायला घालतो ते विचारत बसले. मला म्हणाले की आज कुठेच जायचं नाही, किती बरं वाटतं. दुसरा चहा मागितला. तो आत होईपर्यंत ते गेले होते. छत्तीस वर्षांनंतर त्यांच्या स्वतःच्या मालकीचा तेवढा एक तास होता, ताई. दाखल्यावर एकतीस राहिली असती तर तो तास झालाच नाही असं झालं असतं. त्या तासाच्या बदल्यात मला नोकरी नको होती.

आईने सही केली.

परत येताना रिक्षात आपण होऊन म्हणाली की दुसरा चहा मागितला तेव्हा ती आतून ओरडली होती, आता रोज असेच घरात बसून माझ्या पायात पायात करणार का? हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं की बाबांनी ते ऐकलं असेल तर हसले असतील. ती म्हणाली, हसले होते, मला ऐकू आलं होतं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली की एक तारीखच बरोबर आहे.

भाऊजींना जयभीम. हे पत्र त्यांनी मोठ्याने वाचायला हरकत नाही. तुमचा सगळ्यांचा जीव आमच्यावर आहे, तसाच राहू द्या.

तुझा,
बुद्धभूषण