बर्फ हातात किती वेळ टिकतो?

अहो,

टॅक्सी दारात आली आणि तुम्ही अजून फिरायलाच. रोज वीस मिनिटांत परत येता, आज नेमका लांबचा फेरा? असू दे. आज मला कुणावर रागवायलाच जमत नाहीये. सकाळपासून तीनदा पासपोर्ट चाचपून झाला!

रक्तदाबाची गोळी तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवलीय, म्हणजे दिसेल. दूध तापवलंय. कुकरची शिट्टी नीट बसवा.

परदेशात अठरा शिक्षक एका बसमध्ये, म्हणजे सगळे बोलणार आणि ऐकणार कोणीच नाही. पहिले तीन दिवस तिथल्या शाळा बघायच्या, मग किल्ला, तळं आणि बर्फाचा डोंगर. खरा बर्फ, अहो! तीस वर्षं भूगोलाच्या तासाला तुम्ही फळ्यावर काढलात तो. या दौऱ्याचे दोघांचे फॉर्म तुम्हीच आणले होते आणि वयाच्या अटीत तुमचाच अडकला, हे मी विसरले नाहीये.

पण चार दिवस माझ्याशी अबोला धरायचा आणि माझ्या बॅगेत स्वेटरखाली हाताने लिहिलेली प्रश्नपत्रिका सरकवायची, हे काय? आत्ता सापडली. 'वर्गात मुले किती? बर्फ हातात किती वेळ टिकतो?' एकूण गुण वीस, वर 'खाडाखोड करू नये' आहेच. सगळी सोडवून आणते.

फक्त शेवटचा प्रश्न. 'घरची आठवण येते का? एका वाक्यात उत्तर लिहा.' ते एका वाक्यात बसणार नाही, मला पुरवणी लागेल. आणि पेपर तपासायला विमानतळावर तुम्ही स्वतः यायचं. लांबचा फेरा मारून नाही, सरळ.