संत्र्याच्या वासाचा कोरा चहा

प्रिय ताई,

आज तुझ्या ऑफिसातली शैला भेटायला आली होती. ती जे सांगून गेली, ते ऐकल्यापासून माझं डोकं फिरलंय. तुझ्याशी कडाकडा भांडायचंय, आणि तू तर समोर नाहीस. म्हणून लिहितेय.

आठवतं, हा संत्र्याच्या सालीच्या वासाचा चहा तू पहिल्यांदा घरी आणलास ते? उकळायचा नाही म्हणे! पाणी उतरवायचं, मग पत्ती टाकायची, वर बशी झाकायची. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, "शी! साबणाचं पाणी आहे हे." तू खो खो हसलीस. दुसरा घोट बरा लागला होता, पण ते तुला कशाला सांगू!

आणि आई! आपल्यात कोरा चहा फक्त मयताच्या घरी, तोही शेजाऱ्यांनी आणून दिलेला. तुझा बिनदुधाचा कप दिसला की ती रोज सकाळी कडाडायची, "कोण मेलां गो घरात? कोरी चाय कित्याक पितंस?" तू म्हणायचीस, "जाडी होतेय मी, आई." जाडी! गळ्याची हाडं वर आली होती तुझी.

तू गेलीस त्या दिवशी परबकाकूंनी रिवाजाप्रमाणे चहा टाकला. त्यांच्याकडची पावडर पुरेना, म्हणून आपल्या फळीवरचा हाताला लागला तो डबा नेला. तुझा! खळाखळा उकळला, साखर ओतली, अख्ख्या मजल्याला वाटला. कडूजहर झाला होता, पण वास तोच. आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "माझ्याच जिभेन खाल्ल्यान गो माझ्या चेडवाक," म्हणाली.

तेव्हापासून तिने चहाला तोंड लावलेलं नाही. रोज "कोण मेलां" म्हणून आपणच आपली लेक घालवली, असं धरून बसलीये.

आणि शैला सांगते, पोटातल्या गाठीचं तुला गणपतीच्या आधीच कळलं होतं! दूध ठरत नव्हतं, म्हणून कोरा चहा. अगं, मग आम्ही हॉस्पिटलात नेलं तेव्हा "मलाही आत्ताच कळतंय" हे नाटक कशाला केलंस? कुणाला जपत होतीस? आईला? ये, बघ ये तिची दशा! एकदा फक्त म्हणायचंस, "आई, दूध पचत नाही गं." तिने जीभ चावली असती, पेज करून तुझ्या उशाशी बसली असती. मी रजा टाकली असती. तू आम्हाला काही म्हणून करू दिलं नाहीस. मला तुझा भयंकर राग आलाय, ताई, आणि तू गेलीस म्हणून तो मी गिळणार नाही.

डब्याच्या तळाशी थोडी पत्ती उरलीये. उद्या सकाळी मी तुझ्यासारखाच चहा करणार, न उकळता, बशी झाकून. दोन कप. आईसमोर बसून तिला सगळं सांगणार, तुझं दुखणं आणि तुझं खोटं बोलणंही. ती तुला शिव्या घालेल. घालू दे. स्वतःला घालतेय त्यापेक्षा तुला घातलेल्या बऱ्या. तिने कप तोंडाला लावेपर्यंत मी जागची हलणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
अजून न निवळलेली
चिमी