झोन्दिवे पाण्यात उतरला

४ ऑक्टोबर १९९८, रविवार
झोन्दिवे बाप्तिस्मा घेणार! चौतीस वर्षांचा संसार. दर रविवारी माझ्याबरोबर चर्चमध्ये आला, प्रार्थना माझ्याहून चांगली करतो — पण सरोवरात उतरायचं म्हटलं की, "पुढच्या वर्षी बघू." आज उपासनेनंतर आपणहून उभा राहिला. मला गाणंच सुचेना.

५ ऑक्टोबर
पास्टर म्फांडे जेवायला आले. आमच्या थोरल्याच्या वयाचे. मक्याच्या पिठाची न्सिमा आणि सुकी मासळी केली होती.
झोन्दिवेनं विचारलं, "पाण्यानं पाप धुतलं जातं का?"
"नाही, बाबा. पाण्यानं अंगाची धूळसुद्धा धड जात नाही. प्रभूनं सांगितलंय म्हणून उतरायचं. जुना माणूस पुरायचा, नवा वर यायचा."
"आणि जुन्यानं करून ठेवलेलं?"
पास्टर म्हणाले, "ते नव्यानं निस्तरायचं."
झोन्दिवे पुढे जेवला नाही.

९ ऑक्टोबर
दोन दिवस माझाच बाप्तिस्मा आठवतोय. सोळाची होते. आम्ही चौघी मैत्रिणी. खरं लिहायचं तर मी पांढऱ्या झग्यासाठी गेले. पहाटेचं गार पाणी, नाकातोंडात गेलेलं. म्हाताऱ्या पास्टरांच्या हाताला तंबाखूचा वास. वर आले तर आई किनाऱ्यावर गातही होती, रडतही होती. घरी कोंबडी कापली. मला मानेचा तुकडा, तरी तो दिवस राणीचा!
आज्ञा पाळणं वगैरे काही कळत नव्हतं. आई "जा" म्हणाली, गेले. त्या चौघींतली मी एकटीच उरले. कुणाला विचारू, तुम्हांला तरी कळलं होतं का?

१३ ऑक्टोबर
मी समजत आले, तो पाण्याला भितो. भिणारच. एकाहत्तर साली त्याचा धाकटा भाऊ फुम्बानी होडीसकट बुडाला, हा एकटाच पोहत परतला. दक्षिणेकडून म्वेराचा वादळी वारा सुटला होता, तरी फुम्बानीनं मासेमारीला जायचा हट्ट धरला — झोन्दिवेनं सगळ्यांना असंच सांगितलं. मग जाळी विकली, सुतार झाला.
फुम्बानीची बायको न्यालोंगवे दोन घरं पलीकडे राहते. नवऱ्याचं नाव काढलं की म्हणते, "हट्टापायी तीन पोरं माझ्या गळ्यात टाकून गेला." मातीलासुद्धा रडली नव्हती.

१८ ऑक्टोबर, रविवार
झालं. कमरेइतक्या पाण्यात दोघे. पास्टर म्हणाले, "बाबा, श्वास धरा." बायका गात होत्या. मी पुन्हा सोळाची झाले होते. वाटलं, वर आल्यावर हसेल. हसला नाही. ओल्या कपड्यांनीच चालू लागला.
"घर इकडे आहे," मी म्हटलं.
"ठाऊक आहे, न्यामांगो. तू हो पुढं."
मी पुढे झाले नाही. मागोमाग गेले. न्यालोंगवे दारात कसावाचे कंद सोलत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.
"हट्ट माझा होता," म्हणाला. "फुम्बानी नको म्हणत होता. मी त्याला भित्रा म्हटलं, म्हणून आला."
तिनं सुरी खाली ठेवली.
"सत्तावीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या," म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

१९ ऑक्टोबर
सकाळपासून न्यालोंगवे फुम्बानीचं नाव घेऊन रडते आहे. झोन्दिवे आमच्या पायरीवर बसून ऐकतो आहे. मी त्याला आत बोलावलेलं नाही.