रिकाम्या टाकीसाठी मासा

१९ नोव्हेंबर २०१४

दिवाळीपासून लिहिलं नाही. रोज म्हणायचो, उद्या. काय लिहायचं ते माहीत होतं, म्हणूनच टाळलं. लिहिलं की खरं होते.

तर – ममताबाईला घ्यायला कोणी आलं नाही.

थोरली बहीण माझी. मारेगावला दिली. दिवाळीला आली तेव्हा श्रावणभाऊजी म्हणाले होते, भाऊबीज झाली की येतो. आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात सासरचं माणूस घ्यायला आल्याशिवाय पोरगी परत जात नाही. नवरा येते, नाहीतर दीर. सासू तर कधीच नाही. अन् पोरगी आपल्या पायानं गेली तर जन्मभर ऐकून घ्यावं लागते. म्हणून ती बसली आहे. पेटी भरलेली, भिंतीला टेकवलेली. याडी पेटीकडे पाहत पाहत भाकरी थापते, करपवते, अन् आईपणाचा सारा राग माझ्यावर काढते. बा उठला की सरळ शेतात.

माझा दोस्त सेवादास ट्रकवर बोलावून राह्यला, आदिलाबादपर्यंत. जावं काय?

२२ नोव्हेंबर

गेलो. आलो. ट्रक रस्त्यात बंद पडला, धाब्यावर पत्ते खेळलो. आदिलाबाद पाह्यलंच नाही!

इकडे कोणी आलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर

आज ममताबाईनं सांगितलं. कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडे न पाहता.

कारण मासा आहे. खरंच मासा!

त्यांच्या पुढच्या खोलीत काचेची टाकी आहे, दोन फुटांची. तिच्यात एकच मासा होता – लाल, कपाळावर टेंगूळ. मी लग्नात पाह्यला होता. मथुराबाई, म्हणजे तिची सासू, त्याला ‘शेठ’ म्हणायच्या. स्वतः चहा घ्यायच्या आधी शेठला दाणे. गल्लीतले लोक पाहायला यायचे. शेठ घरात आला अन् भाऊजींना जिनिंगमध्ये काम लागलं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं.

दसऱ्याच्या सुमाराला नळ आला नाही. टाकीतलं पाणी तर बदलायचं होतं. ममताबाईनं शेजाऱ्याच्या मळ्यातून आणलं – फवारणीच्या ड्रममध्ये. धुतला होता म्हणते, निरमा लावून घासला होता. आम्ही सगळेच भरतो त्या ड्रममध्ये, धुण्याचं, भांड्यांचं. कोणाले काय होते? सकाळी शेठ पोट वर करून!

अन् त्याच आठवड्यात जिनिंगवाल्यानं भाऊजींना सांगितलं – कापूस येऊन नाही राह्यला, घरी बसा.

‘सासू काही बोलली काय?’ मी विचारलं.

‘बोलली असती तर बरं झालं असतं रे राज्या.’

मी म्हटलं, ‘मासाच तर आहे न! दुसरा आणतो मी.’

ती हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा. म्हणे, ‘मासा आणशील. शेठ कुठून आणशील?’

२९ नोव्हेंबर

यवतमाळ. स्टँडसमोर एक जण न तुटणारा कंगवा विकत होता, त्याच्यावर उभा राहून दाखवत होता. ते पाहण्यात दुपार. मग आठवलं – मासा!

दुकान सलील नावाच्या पोराचं. चष्मा, बोलायला गोड.

‘शोचा पाहिजे,’ मी म्हटलं. ‘दारातून आत आलं की नजर तिकडेच गेली पाहिजे.’

‘टाकी केवढी?’

हातानं दाखवली.

‘एवढीच? मग त्यात हत्ती बांधू नका.’

लाल टेंगूळवाला होता. माझ्याकडे एकटक पाहत होता, जसं काही ओळखतो. सलील म्हणे, ‘हा वाढतो. एवढ्याशा टाकीत त्याला धड वळताही येणार नाही. न्यायचा तर न्या, पण नंतर माझ्याकडे रडत येऊ नका.’ गोल्डफिश? ‘फार घाण करतो. सारखं पाणी बदलावं लागेल.’ पाणी बदलणं ऐकलं अन् मी पुढच्या काचेकडे सरकलो. ऑस्कर हातभर होतो म्हणे. मग चकचकीत बारकुल्या दाखवल्या – ‘झुंड घ्या, छान दिसते.’ पण मथुराबाई झुंडीला काय म्हणून हाक मारतील?

काहीच ठरेना. शेठसारखाच नेला तर म्हणतील, आमच्या तोंडाला पानं पुसता काय? वेगळा नेला तर म्हणतील, हा काय शेठ आहे! सलील कंटाळला. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. मी रिकामा परत.

आता पाहा, अख्ख्या यवतमाळात एक मासा निवडता येत नाही मले!

१ डिसेंबर

मासा नाही. माणूसही नाही. याडीनं पेटीवर गोधडी टाकली. दिसू नये म्हणून.

४ डिसेंबर

आणला!

निळा. फायटर म्हणतात. लहान टाकीत एकटाच राहतो, दुसरा टाकला तर मारामारी. मोटार नसली तरी वर येऊन तोंडानं हवा घेतो. बोटाएवढा जीव, पण शेपटी पसरली की – याडीचा लग्नातला फेटिया घागरा! तोच घेर, तशीच झगमग, आरसे तेवढे नाहीत. पाहिला अन् दुसरं काही दिसेचना. ‘हाच,’ म्हटलं. सलील म्हणे, ‘आज कंगवेवाला आला नाही वाटतं?’ मागच्या वेळी मीच सांगितलं होतं त्याला. बावळट मी.

एसटीत पिशवी मांडीवर. मारेगाव वाटेतच. तिथंच उतरायचं, मासा द्यायचा, हात जोडायचे – यवतमाळपासून हेच घोकत आलो. रस्त्याला जिनिंग दिसली. फाटक लावलेलं, आत दोनच ट्रॅक्टर, अन् फाटकाबाहेर माणसं नुसतीच उकिडवी बसलेली. त्यात भाऊजी होते.

कंडक्टर ओरडला, ‘मारेगाव!’

उतरलो नाही. आमच्या मुकुटबनपर्यंत पिशवीकडेच पाहत बसलो.

७ डिसेंबर

मासा लोणच्याच्या बरणीत आहे. बा म्हणाला, ‘फोडणीच्याही कामाचा नाही हा.’ पण शेतातून आला की पहिले बरणीपाशी वाकते. मी पाह्यलं.

ममताबाई पाणी ओतायच्या आधी हुंगते. घागर हुंगते, तांब्या हुंगते, स्वतःचे हातसुद्धा. मग थेंब थेंब सोडते. तिला म्हटलं, ‘चल न संगं. मासा तूच दे त्यांना.’

‘घ्यायला आल्याशिवाय मी नाही जात. तू नेऊन दे. अन् माझं नाव काढू नको.’

नाव न काढता काय सांगू? मासा आपल्या मनानं आला?

११ डिसेंबर

आज मारेगावला गेलो. मासा जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून.

मथुराबाई दारातच. ‘ये राजकुमार, बस.’

टाकी समोरच. मले वाटलं होतं, काढून टाकली असेल, नाहीतर कांदे भरले असतील. तर पाणी भरलेलं! काच पुसलेली. आतला दिवा चालू, बुडबुडे चालू. मासा नाही.

माझी नजर त्यांनी पाह्यली. ‘रिकामी ठेवली का काच तडकते म्हणतात,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘हो मावशी, तडकते.’ मले काय ठाऊक!

चहा आला. भाऊजी आतून आले, भिंतीला टेकून उभे राह्यले. हळूच विचारलं, ‘तिकडं सारे बरे आहेत न?’ सारे म्हणजे कोण, ते मले समजलं. मथुराबाई खोकल्या. भाऊजी गेले परसात.

आता बोल, राज्या, आता – असं मनात चाललेलं.

‘डब्यात काय?’ मथुराबाईंनी विचारलं.

अन् माझ्या तोंडातून निघालं – ‘भाजी.’

‘कशाची?’

‘मेथीची.’

‘मंग जेव की. भाकर वाढते.’

‘भूक नाही, मावशी.’

त्या डब्याकडे पाहत राह्यल्या. डबा मी काखेत धरला. आत बिचारा डुचमळला. उठलो, पाया पडलो, निघून आलो. मासा घेऊन! एवढं जाऊन मेथी सांगून आलो.

ममताबाईनं डबा उघडला. मासा तसाच. बरणीत सोडला, अन् पेटीवरची गोधडी नीट खोचली. चारी बाजूंनी.

१२ डिसेंबर

घाईत लिहितो. बाहेर काळीपिवळी जीप थांबली – मथुराबाई उतरल्या! एकट्या! काखेत पाण्याची कॅन.

याडीला रामराम केला अन् मलेच धरलं, ‘काहून रे, मेथीच्या डब्याले भोकं पाडते काय कोणी?’

ममताबाई दारात. हलेना. त्यांनी कॅन तिच्या हातात दिली. ‘घरच्या नळाचं आहे. हुंगून पाह्य अन् तूच भर. शेठले गाडी लागली नाही पाहिजे.’

याडी गोधडी काढून राह्यली.